सूर्याभोवतीचं कडं कागदावर उतरवताना

ताऱ्याभोवती बांधलेल्या अजस्र वस्तीचं चित्र पहिल्यांदा काढणारे बहुतेक जण एकच चित्र काढतात. पुढे गाव, शेतं, नदी. गावामागे जमीन उशीच्या कडेसारखी वर वळलेली आणि पुढे इंद्रधनुष्यासारखी बाकदार होऊन आकाशात चढलेली. मीही सुरुवातीला हेच काढलं होतं आणि ते मला मनापासून आवडलंही होतं. पुढे एकदा कॅल्क्युलेटर घेऊन बसलो तेव्हा कळलं, की जमीन गावामागेच वळलेली दिसते म्हणजे ते कडं एखाद्या तालुक्याएवढं आहे. ताऱ्याभोवतीचं घर कसं दिसेल हे मी काढलंच नव्हतं.

तेव्हापासून माझा क्रम ठरून गेला आहे. आधी गणित, मग पेन्सिल. गणिताने कल्पनाशक्तीला लगाम बसतो असं नव्या मुलांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. या विषयात सगळ्यात सुंदर दृश्यं गणितातूनच निघतात, नुसत्या कल्पनेला ती सुचत नाहीत. म्हणून या लेखात आकडे भरपूर आहेत. दहावीपर्यंतची भूमिती आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढ्यावर सगळं भागतं.

पायरी १: आकार ठरवा

सुरुवातीला चार आकार ओळखता आले तरी पुरे.

पहिला आकार म्हणजे थवा. १९६० साली फ्रीमन डायसन या भौतिकशास्त्रज्ञाने 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. एखादी प्रगत संस्कृती आपल्या ताऱ्याची जवळजवळ सगळी ऊर्जा वापरू लागली तर ती ऊर्जा शेवटी उष्णता होऊन बाहेर पडेल, तेव्हा आपण अवरक्त (डोळ्याला न दिसणाऱ्या, उष्णतेच्या) किरणांत शोध घ्यावा, असा त्याचा मुद्दा होता. लोकांनी त्यातून ताऱ्याला बंद करणारा एक सलग गोळा डोळ्यांपुढे आणला. डायसनने लगेच स्पष्ट केलं, की सलग कवच यांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे आणि त्याच्या मनात होता तो आपापल्या कक्षेत फिरणाऱ्या असंख्य वस्त्यांचा थवा.

दुसरा आकार तेच सलग कवच. चित्रांत सगळ्यात लोकप्रिय आणि राहण्याच्या दृष्टीने सगळ्यात गैरसोयीचा. पोकळ गोलाच्या आत त्याचं स्वतःचं गुरुत्व शून्य असतं, हे न्यूटनने १६८७ मध्येच दाखवलं होतं. म्हणजे कवचाच्या आतल्या बाजूला उभं राहायला गेलात तर खाली ओढणारं काहीच नाही. उलट ताऱ्याची हलकी ओढ आहे. तुम्ही, तुमचं पाणी आणि हवा सावकाश ताऱ्याकडे निघाल. कवच फिरवलं तर विषुववृत्तापाशी वजन येईल, ध्रुवांवर मात्र काहीच नाही.

तिसरा आकार कडं. कवचाचा फक्त विषुववृत्ताजवळचा पट्टा ठेवायचा आणि तो गरगर फिरवायचा. लॅरी निव्हन या अमेरिकी लेखकाच्या १९७० सालच्या 'रिंगवर्ल्ड' कादंबरीमुळे तो सर्वांच्या ओळखीचा झाला. चौथा आकार नळकांडं. हे ताऱ्याला वेढत नाही, पण थव्यातली एक वस्ती म्हणून नेमकं बसतं. जेरार्ड ओ'नील यांनी १९७४ मध्ये मांडलेलं मोठं नळकांडं ३२ किलोमीटर लांब आणि ६.४ किलोमीटर व्यासाचं होतं. १९७५ मध्ये नासाच्या एम्स केंद्रात यावर उन्हाळी अभ्यासवर्ग झाला. त्या काळात डॉन डेव्हिस आणि रिक गिडिस यांनी रंगवलेली अशा वस्त्यांची चित्रं नासाने सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. ती मोठी करून बघा, विशेषतः त्यांतले ढग आणि लांबच्या गोष्टींवरचा धूसरपणा.

नवशिक्याने कड्यापासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. त्यात जमीन आहे, आकाश आहे, आणि बाकीचं सगळं एका वर्तुळाच्या भूमितीवर चालतं. पुढच्या बहुतेक पायऱ्या कड्याच्याच आहेत.

पायरी २: चार आकडे वहीत लिहा

त्रिज्या पृथ्वी-सूर्य अंतराएवढी घेऊ, म्हणजे १४ कोटी ९६ लाख किलोमीटर. रुंदी १६ लाख किलोमीटर, पृथ्वी-चंद्र अंतराच्या चौपटीहून थोडी जास्त.

परीघ येतो ९४ कोटी किलोमीटर. ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणारं प्रवासी विमान न थांबता उडत राहिलं तर एका फेरीला ११९ वर्षं लागतील. ही एक ओळ तुमच्या कथेतल्या अर्ध्या गोष्टी ठरवून टाकते. कड्यावरच्या कोणीही, कोणत्याही पिढीत, आपलं सगळं जग पाहिलेलं नसतं.

जमीन किती? पृथ्वीच्या एकूण पृष्ठभागाच्या सुमारे ३० लाख पट.

वजन पृथ्वीसारखं वाटायला कडं किती वेगाने फिरवावं लागेल? पृथ्वीचं गुरुत्वीय त्वरण गुणिले कड्याची त्रिज्या, त्याचं वर्गमूळ. उत्तर सेकंदाला १,२११ किलोमीटर. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला जेमतेम ३० किलोमीटरने फिरते. या वेगाने एक फेरी साधारण ९ दिवसांत पूर्ण होते. हे ९ दिवस लक्षात ठेवा, पुढे कामी येतील.

चौथा आकडा प्रकाशाचा. कड्याच्या थेट समोरच्या बाजूला निरोप पोचायला साडेसोळा मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. तिथल्या नातेवाइकाशी फोनवर बोलणं शक्य नाही. तुम्ही 'काय म्हणतोस' विचारल्यावर उत्तर यायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ जाईल. कड्यावर पत्रं जिवंत राहतील, अगदी 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' म्हणून सुरू होणारी.

पायरी ३: ते तुटत का नाही, पडत का नाही, तापत का नाही

इथे तुम्हाला पूर्ण उत्तर नको आहे. प्रश्न माहीत असणं पुरेसं आहे, कारण वाचक ते विचारणारच.

तुटणं: एवढ्या वेगाने फिरणाऱ्या कड्यात जो ताण येतो तो चांगल्या पोलादाला झेपतो त्याच्या अर्धा ते एक कोटी पट आहे. आपल्याला माहीत असलेला कोणताही पदार्थ तो पेलू शकत नाही. तेव्हा पायाचा पदार्थ तुम्हाला कल्पनेतूनच आणावा लागेल. मग तो चित्रात पोलादासारखा, रिव्हेट ठोकलेला काढू नका. जिथे माती वाहून गेली आहे तिथे उघडा पडलेला, ओरखडा नसलेला, न गंजलेला, अनोळखी पृष्ठभाग दाखवा.

पडणं: १९७१ सालच्या विज्ञानकथा संमेलनात एमआयटीचे विद्यार्थी 'रिंगवर्ल्ड अस्थिर आहे' अशा घोषणा देत फिरले होते. ते बरोबर होते. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८५० च्या दशकातच शनीच्या कड्यांवर काम करताना सिद्ध केलं होतं, की ग्रहाभोवतीचं सलग घन कडं टिकत नाही. जरा एका बाजूला सरकलं की ते सरकतच जातं आणि शेवटी ग्रहावर आदळतं. ताऱ्याभोवतीच्या कड्याचंही तेच होईल. निव्हनने पुढच्या भागात कडेला इंजिनं बसवून ते सावरलं. तुम्हीही काठावर अशी इंजिनं दाखवू शकता. ती कोण चालवतं आणि बंद पडली तर काय, यातच एक कथा बसलेली आहे.

तापणं: हा मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. कड्यावर सूर्य कायम डोक्यावर असतो. पृथ्वी गोल असल्यामुळे तिच्या दर चौरस मीटरला दिवस-रात्र आणि सगळे अक्षांश धरून सरासरी ३४० वॅट ऊन मिळतं. कड्यावर अर्धा दिवस पडदा लावून रात्र केली तरी सरासरी ६८० वॅट पडतं. बरोबर दुप्पट. कड्याच्या पाठीमागून उष्णता बाहेर जाऊ द्यायची नसेल तर पृथ्वीएवढं ऊन ठेवायला ६ तासांचा दिवस आणि १८ तासांची रात्र करावी लागेल. नाहीतर कडं आणखी लांब न्या, किंवा सूर्यापेक्षा मंद, नारिंगी तारा निवडा. मला नारिंगी तारा आवडतो, कारण चित्राची सगळी रंगसंगती त्याने बदलून जाते. पण पहिल्या चित्रात सूर्यच ठेवा.

पायरी ४: जमिनीवर उभे राहा आणि कमान काढा

इथे घाई करू नका. चित्र जमतं किंवा फसतं ते इथेच.

आधी जमीन. कड्यावर जमीन तुमच्यापासून लांब जाताना किती वर उचलली जाते? अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची दुप्पट. १०० किलोमीटरवर ती सव्वातीन सेंटीमीटर वर आलेली असते. १,००० किलोमीटरवर सव्वातीन मीटर, म्हणजे एका मजल्याएवढी. पुण्यापासून हजार किलोमीटर म्हणजे कुठे आलं ते डोळ्यांपुढे आणा आणि तेवढ्या अंतरात एक मजला. डोळ्यांना जमीन ठार सपाट दिसेल. ती वळताना दाखवू नका. पृथ्वीवर लांबची होडी क्षितिजाआड बुडते, इथे काहीच बुडत नाही. वस्तू लहान होत जाते, फिकट होत जाते आणि हवेतल्या धुक्यात विरते. म्हणून कड्यावर क्षितिजाची स्पष्ट रेघ नसते. खालचा मातकट हिरवा रंग आणि वरचा निळा यांच्यामध्ये पांढरट धुरकट पट्टा येतो, आणि जमीन कुठे संपली, आकाश कुठे सुरू झालं ते सांगता येत नाही. जलरंग वापरणाऱ्यांनी हा पट्टा ओल्यावर ओलं टाकून काढावा, कोरड्या ब्रशने नाही.

आता कमान. दहावीच्या भूमितीत स्पर्शिका-छेदिका कोनाचं प्रमेय येतं. स्पर्शिका आणि जीवा यांच्यातला कोन हा त्यांनी आंतरखंडित केलेल्या कंसाच्या मापाच्या निम्मा असतो. तेव्हा त्याचा उपयोग काय असा प्रश्न पडला असेल, तर उपयोग हा. तुम्ही उभे आहात ती जमीन म्हणजे स्पर्शिका आणि लांबच्या कमानीकडे जाणारी नजर म्हणजे जीवा. यातून सरळ सूत्र मिळतं. क्षितिजापासून जेवढ्या अंशांवर नजर उचलली असेल त्या कोनाचा साइन घ्या, त्याला कड्याच्या व्यासाने गुणा. कमानीचा तो भाग तेवढा लांब आहे. रुंदी भागिले अंतर केलं की तो किती रुंद दिसेल तेही कळतं.

ए४ कागद आडवा ठेवा. खालून ३ सेंटीमीटरवर क्षितिजाची हलकी रेघ मारा. १ सेंटीमीटर म्हणजे २ अंश धरा. आता कागदाच्या मध्यावर, क्षितिजापासून मोजून, कमानीची रुंदी अशी घ्या:

१ सेंटीमीटर उंचीवर (२ अंश): ४.४ सेंटीमीटर रुंद
२.५ सेंटीमीटरवर (५ अंश): पावणेदोन सेंटीमीटर
५ सेंटीमीटरवर (१० अंश): ९ मिलिमीटर
१५ सेंटीमीटरवर (३० अंश): ३ मिलिमीटर

हे बिंदू जोडलेत की खाली पसरट आणि वर झपाट्याने निमुळती होत जाणारी एक पट्टी तयार होते. समुद्राला मिळणाऱ्या नदीचं मुख उलटं धरून उभं केल्यासारखी. डोक्यावर, सूर्याच्या मागे, ती ०.३ अंश एवढीच उरते, पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्याहून जरा जास्त. ही पट्टी सरळ उभी आहे, इंद्रधनुष्यासारखी वाकलेली नाही, हे नीट पाहा. तुम्ही स्वतः कड्यावरच उभे आहात, कड्याच्या प्रतलातच आहात, त्यामुळे ते तुम्हाला सरळ रेषेसारखंच दिसणार. कडं बाकदार दिसायला तुम्हाला प्रतलाच्या बाहेर, अंतराळात जावं लागेल. शनीची कडी आपल्याला बाकदार दिसतात ती याच कारणाने, आपण त्यांच्यापासून लांब आणि तिरके असतो म्हणून. इंटरनेटवरची निम्मी चित्रं इथे चुकतात.

दिवसा ही पट्टी किती ठळक असेल? दुपारी आकाशात कधीकधी फिकट चंद्र दिसतो, तेवढी किंवा थोडी जास्त. पांढरट, निळसर. सगळ्यात खालचे चार-पाच अंश धुरकटपणात हरवलेले असतील. म्हणजे दिवसाच्या चित्रात कमान जमिनीला टेकलेली दाखवायचीच नाही. ती अधांतरी सुरू होते. रात्री मात्र खालचा भाग उगवत्या चंद्रासारखा पिवळट तांबूस आणि वर जाईल तसा पांढरा होत जातो.

कमानीवर काय काढायचं? खंड, नद्या, शहरांचे दिवे काढण्याचा मोह आवरा. डोळ्याला साधारण एका अंशाचा साठावा भाग ओळखता येतो. समोरच्या बाजूच्या अंतरावर तो होतो ८७,००० किलोमीटर. सात पृथ्व्या शेजारी शेजारी ठेवल्या तरी तिथे एका ठिपक्यापेक्षा जास्त दिसणार नाही. अख्खे महासागर तिथे हरवून जातात. फक्त रंगाचा हलका बदल काढा, पेन्सिलीने काढत असाल तर तोही नको.

अंश हातानेही मोजता येतात. हात ताठ पुढे करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश असते, करंगळी १ अंश. गच्चीवर जाऊन तीन मुठी वर मोजा आणि तिथे अर्ध्या करंगळीहून किंचित रुंद पट्टी उभी आहे अशी कल्पना करा. चित्र काढण्यापूर्वी मी दरवेळी हे करतो.

पायरी ५: ऊन, सावली आणि पडदा

कड्यावर सूर्य उगवत नाही आणि मावळत नाही. तो कायम डोक्यावर असतो, बारा महिने. याचा अर्थ तिरपं ऊन नाही, लांब सावल्या नाहीत, सोनेरी संध्याकाळ नाही. चित्रकाराची सगळ्यात लाडकी वेळ इथे नाहीच. सुरुवातीला वाईट वाटतं. मग लक्षात येतं, की त्याच्या बदल्यात काहीतरी वेगळं मिळालंय.

हे ऊन पाहायला कुठे जायची गरज नाही. महाराष्ट्रात मे महिन्यात शून्य सावली दिवस येतो, दक्षिणेकडच्या गावांत आधी, उत्तरेकडे महिनाअखेरीला, मुंबई-पुण्याला महिन्याच्या मध्याच्या आसपास. जुलैअखेरीसही तो परत येतो, पण तेव्हा ढग असतात. त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमाराला बाहेर पडा आणि फोटो काढा: विजेचा खांब, उभी सायकल, माणसाचा चेहरा. खांबाची सावली नाहीशी होते. माणसाच्या डोळ्यांच्या खोबणीत अंधार साठतो, नाकाची सावली ओठांवर येते, खांदे चमकतात आणि पोट काळोखात जातं. कड्यावरच्या प्रत्येक माणसाचा चेहरा जन्मभर असाच उजळतो. तुमच्या व्यक्तिचित्रांसाठी यापेक्षा चांगले संदर्भ-फोटो मिळणार नाहीत.

यातून वास्तूही ठरते. भिंतींवर ऊन कधी पडत नाही, तेव्हा खिडकीतून येतो तो फक्त आकाशाचा आणि अंगणावरून उसळलेला उजेड. ऊन घरात आणायचं तर छतातूनच. मला वाटतं कड्यावरची माणसं आपल्या जुन्या वाड्यांसारखी घरं बांधतील. मधोमध उघडा चौक, त्यात सरळ पडणारा उन्हाचा चौकोन जो दिवसभर जागचा हलत नाही, आणि भोवतीची ओसरी कायमच्या सावलीत. त्या चौकोनात काय ठेवायचं आणि त्याबाहेर काय, यावर घरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या भांडतील.

रात्रीसाठी सूर्य आणि कडं यांच्या मध्ये फिरते पडदे लागतात. २० पडदे धरू, दिवस-रात्र मिळून २४ तास आणि दोन्ही सारखे. सूर्यापासून कड्यापर्यंतच्या अंतराच्या एक-तृतीयांशावर पडदे ठेवले तर पडद्याची कड सूर्यबिंबावरून सरकायला सुमारे १ तास २५ मिनिटं लागतात. पडदे सूर्याच्या आणखी जवळ नेलेत की संध्याकाळ लांबते, जमिनीच्या जवळ आणलेत की झटकन होते. (आधी सांगितलेला ६ तासांचा दिवस हवा असेल तर पडदे रुंद करा. पहिल्या चित्रासाठी सारखेच ठेवलेले सोपे.)

या संध्याकाळी आकाश लाल होत नाही. सूर्य डोक्यावरच असतो, फक्त कापला जातो. उजेड रंग न बदलता मंद होत जातो, खग्रास ग्रहणाआधी होतो तसा. ज्यांनी खंडग्रास ग्रहण पाहिलंय त्यांना झाडाखालची गंमत आठवत असेल. पानांच्या फटींतून जमिनीवर पडणारे उन्हाचे गोल कवडसे चंद्रकोरीसारखे होतात, कारण प्रत्येक फट सूर्याची प्रतिमा पाडत असते. कड्यावर पडद्याची कड सरळ असते. म्हणून तिथे आंब्याखाली बसलेल्या माणसाला रोज संध्याकाळी दिसतं ते असं: मातीवर, चटईवर, हाताच्या पाठीवर पसरलेले शेकडो गोल कवडसे एका बाजूने सरळ कापले जातात, मग अर्धे होतात, मग चिरट्या उरतात आणि एकदम सगळे विझतात. माझ्या मते कड्याचं एकच चित्र काढायचं असेल तर हे काढावं. त्यात कमान नाही, अंतराळ नाही, यंत्र नाही. आणि हे पृथ्वी नव्हे, याबद्दल कोणालाही शंका राहत नाही.

रात्रीची कमान वेगळी. तिचे जे भाग दिवसात आहेत ते उजळ, जे रात्रीत आहेत ते काळे. २० पडद्यांमुळे तिच्यावर उजळ-काळे तुकडे पडतात. आपल्याच प्रमेयामुळे हे तुकडे दिसायला सारख्या उंचीचे येतात, प्रत्येकी साडेचार अंश. आपल्या कागदावर सव्वादोन सेंटीमीटर उजळ, सव्वादोन काळं, अशी उभी तुटक रेघ वर चढत जाते. ऐन मध्यरात्री सगळ्यात खालचा काळा तुकडा निम्माच दिसतो, कारण त्याच अंधारात तुम्ही स्वतः उभे आहात. हे तुकडे रात्रभर अगदी सावकाश सरकत असतात. घड्याळ नसलं तरी वेळ कळते.

पायरी ६: प्रचंडपणा लहान गोष्टीतून दाखवा

कडं मोठं आहे हे कडं मोठं काढून दिसत नाही. कागद तेवढाच असतो. जवळ ओळखीची एक लहान वस्तू लागते आणि तिच्यापासून लांबपर्यंत उतरत जाणाऱ्या आकारांची साखळी लागते. तांब्या, मग बैलगाडी, मग पाण्याची टाकी, मग डोंगर, मग ढगांच्या रांगा, आणि त्या रांगा धुक्यात विरेपर्यंत. मधली एक कडी गाळलीत की डोळा हिशेब सोडून देतो.

नळकांडं काढणाऱ्यांनी याच पायरीवर एक निराळी गोष्ट पकडावी. ओ'नील यांच्या नळकांड्यात जमीन खरोखरच वळलेली दिसते, वर तिरकं, साधारण साडेपाच किलोमीटरवर दुसरं गाव लटकलेलं असतं, आणि त्यातलं घर डोळ्याला दाण्याएवढं दिसतं. हे नळकांडं साधारण १ मिनिट ५४ सेकंदांत एक फेरी घेतं. एवढ्या जोरात फिरणाऱ्या जागेत पडणारी वस्तू सरळ पडत नाही. १० मीटर खोल विहिरीत मधोमध दगड सोडला तर तो मध्यापासून अर्ध्या मीटरहून किंचित जास्त बाजूला, फिरण्याच्या उलट दिशेला पडतो. १०० मीटरचा धबधबा पायथ्याशी पोचेपर्यंत सोळा-सतरा मीटर कललेला असतो. तिरका धबधबा काढलात आणि त्याखालचा डोहही बाजूला काढलात, की जाणकार वाचक तिथे थांबेल. कड्यावर मात्र तेवढ्याच धबधब्याला हा फरक जेमतेम अडीच मिलिमीटर भरतो. तिथे धबधबे सरळच काढा.

पायरी ७: बाहेरून पाहायचं असेल तर

थवा किंवा कवच बाहेरून रंगवताना लोक फटींतून धगधगणारा पिवळा प्रकाश काढतात. थवा अर्धवट असेल तर ते ठीक. पण तो पूर्ण झाला असेल तर डोळ्याला काहीच दिसत नाही. ऊर्जा जाते कुठे? ती उष्णता होऊन बाहेर पडते. पृथ्वी-सूर्य अंतराच्या दुप्पट अंतरावरचं काळं कवच जेमतेम ५ अंश सेल्सिअसला स्थिरावतं आणि १० मायक्रॉनच्या आसपासच्या अवरक्त किरणांत चमकतं. चित्रात ते म्हणजे ताऱ्यांनी भरलेल्या आकाशातला एक काळा गोल, मागचे तारे झाकणारा. हे रंगवायला फार थोडं लागतं, फक्त मागचे तारे भरपूर आणि काळजीपूर्वक काढावे लागतात. दुसरा मार्ग म्हणजे अवरक्त दुर्बिणीची प्रतिमा असल्यासारखं, कृत्रिम रंगांत.

असा शोध खरोखर घेतला जातो, हेही सांगून ठेवतो. १९८३ च्या आयरास दुर्बिणीच्या नोंदींत फर्मीलॅब या अमेरिकी प्रयोगशाळेच्या रिचर्ड कॅरिगन यांनी तो घेतला. २०१५ मध्ये केआयसी ८४६२८५२ या ताऱ्याचा प्रकाश मध्येच २२ टक्क्यांपर्यंत घटतो हे समोर आलं तेव्हा अशा वस्तीची चर्चा रंगली. पुढे ती घट रंगागणिक वेगळी निघाली, म्हणजे मध्ये धूळ आहे. काही सलग, अपारदर्शक बांधकाम असतं तर सगळे रंग सारखेच अडले असते.

पायरी ८: माणसांची भाषा

कथा लिहिणाऱ्यांनी ही पायरी गाळू नये, चित्र काढणाऱ्यांनीही वाचावी. सूर्य उगवत नाही तिथे उगवती आणि मावळती या दिशा नाहीत. फिरण्याची दिशा एक, तिच्या उलट एक आणि दोन काठ, अशा चार दिशा उरतात. त्यांना बोलीत बसतील असे शब्द द्या. मी फेराकडे, उलटफेर, अल्याड-काठ, पल्याड-काठ असे वापरतो. 'दिवस मावळला' याऐवजी 'पडदा आला'. 'भर दुपारी' याला अर्थ नाही, दिवसभर दुपारच आहे. 'सावली लांबली' हा वाक्प्रचार तिथल्या मुलांना समजावून सांगावा लागेल.

पंचांगाचं काय? चंद्र नाही म्हणून चतुर्थी नाही, पौर्णिमा नाही, अमावास्या नाही. सूर्य सरकत नाही म्हणून संक्रांत नाही. पण पायरी २ मधले ९ दिवस आठवा. कडं ९ दिवसांत एक फेरी घेतं, म्हणजे काठाकडचं तारांगण ९ रात्रींत एकदा पूर्ण फिरून जागेवर येतं. त्या माणसांचा आठवडा नऊ रात्रींचाच असेल, कोणी न ठरवता.

पायरी ९: संगणकावर करत असाल तर

क्रिटा, जिम्प, ब्लेंडर, काहीही चालेल. ब्लेंडरसारख्या त्रिमिती साधनात एकच इशारा. कडं आणि घर एकाच दृश्यात खऱ्या मापाने बांधू नका. अशी साधनं बहुतेक ठिकाणी साधारण सात अंकांपर्यंतच अचूक असतात, आणि इथे त्रिज्या मीटरमध्ये लिहायला बारा अंक लागतात. घर थरथरायला लागतं किंवा त्याचे कोपरेच हरवतात. कमान वेगळ्या दृश्यात, लहान मापाने बांधा, तिची प्रतिमा काढून ती घराच्या दृश्यात आकाश म्हणून लावा. मधला धुरकट पट्टा शेवटी हाताने रंगवा. यंत्राचं धुकं तिथे मला अजून पटलेलं नाही.

पहिल्या चित्रासाठी पुढे चौकातला उन्हाचा चौकोन घ्या, त्यात एक तुळस, मागे उघडं दार आणि दारातून दिसणारं सपाट, संपत नसलेलं शेत. कमानीसाठी दाराच्या वरचा एवढासा आकाशाचा तुकडा पुरतो. तिथे तीन मिलिमीटरची पट्टी मारा, आणि ती खोडरबराने थोडी पुसून फिकट करा.